आरएक्स-७: टर्बो बदलण्याआधी नळ्या तपासा

तुमची गाडी १९९३ ची, जपानमधून मेलबर्नला आयात झालेली माझदा आरएक्स-७ आहे, म्हणजे एफडी पिढीतली. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर असलेले रोटरी इंजिन, आणि दोन्ही टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारे पंखे) मूळचेच. तुमच्या तक्रारी दोन आहेत. थंड असताना गाडी व्यवस्थित चालू होते, पण गरम झाली की आयडलिंग एका जागी ठरत नाही आणि आरपीएम ९०० ते १५०० यांच्या दरम्यान सारखे वरखाली होत राहतात. दुसरी तक्रार बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाची: ४५०० आरपीएमपर्यंत काटा १० पीएसआयवर असतो, तिथे पोहोचताच एकदम ४ वर पडतो आणि रेडलाइनपर्यंत पुन्हा वर येत नाही. आधीच्या मालकाने गाडी विकण्यापूर्वी व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या बदलून सिलिकॉनच्या घातल्या होत्या आणि डाउनपाइपही (टर्बोतून एक्झॉस्ट बाहेर नेणारा पाइप) बदलला होता. तिथल्या मेकॅनिकने आयडलचा स्क्रू फिरवून पाहिला, फरक पडला नाही, आणि ‘दुसरा टर्बो गेला आहे, दोन्ही बदलावे लागतील’ असा निर्वाळा दिला.

माझे मत स्पष्ट आहे: पुढच्या चाचण्या होईपर्यंत टर्बोवर एक पैसाही खर्च करू नये, आणि तोपर्यंत गाडी बूस्टमध्येही चालवू नये. या गाडीत जो टर्बो ‘गेला’ म्हणून काढला जातो, तो पुष्कळदा धडधाकट असतो. त्याला कामाला लावणारी एखादी नळी, झडप किंवा सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारी छोटी झडप) बिघडलेले असते. शिवाय तुमच्या दोन तक्रारी मला दोन वाटत नाहीत. सगळ्या नळ्या एकाच वेळी बदललेल्या गाडीत आयडलिंग आणि बूस्ट ही दोन्ही बिघडलेली असतील, तर संशयाची सुई आधी त्या कामाकडेच वळली पाहिजे.

मात्र नळ्यांना हात लावण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. रोटरी इंजिनात ही पायरी वगळणे परवडत नाही. कॉम्प्रेशन कमी असलेले इंजिन आयडलिंगला पुरेसा व्हॅक्यूम तयार करू शकत नाही, आणि मग तुम्ही कितीही नळ्या आणि सेन्सर बदलले तरी ते डळमळतच राहते. साध्या पिस्टन इंजिनाचा गेज इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि तो गेज त्यांपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. एक बाजू ठीक आणि दोन बाजू गेलेल्या असल्या तरी असा गेज ‘सगळे उत्तम’ असेच सांगेल. रोटरीसाठी खास बनवलेला टेस्टर तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवतो आणि इंजिन कोणत्या वेगाने फिरत होते तेही नोंदवतो. तो वेग महत्त्वाचा असतो, कारण आकडे २५० आरपीएमला धरून वाचायचे असतात. जोमदार बॅटरीवर सेल्फ वेगाने फिरला तर तेच इंजिन जास्त कॉम्प्रेशन दाखवते. ऑस्ट्रेलियात रोटरीची परंपरा जुनी आहे, तेव्हा असा टेस्टर बाळगणारे गॅरेज मेलबर्नमध्ये मिळणे अवघड नाही.

इंजिन पूर्ण गरम असावे, इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद केलेली असावीत आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. नव्या इंजिनाचे कॉम्प्रेशन साधारण १२० पीएसआय असते. १०० च्या आसपास किंवा खाली आलेल्या इंजिनावर मी पुढचे काम करायला घेत नाही. आधी मालकाशी इंजिन उघडण्याविषयी बोलतो. आकड्यांइतकाच त्यांच्यातला फरकही बोलका असतो. एका रोटरच्या शेजारशेजारच्या दोन बाजू पडलेल्या आणि तिसरी चांगली असेल तर त्या दोघींमधले एपेक्स सील (रोटरच्या कोपऱ्यावरची हवा अडवणारी पट्टी) गेलेले असण्याची शक्यता मोठी. तिन्ही बाजू सारख्याच उतरलेल्या असतील तर ती बहुधा वयानुसार झालेली झीज. टेस्टर मिळालाच नाही, तर साध्या गेजमधली हवा अडवणारी छोटी झडप काढून सेल्फ मारावा आणि काट्याचे तीन ठोके पाहावेत. आकडा भरवशाचा मिळत नाही, पण तीन ठोके सारखे आहेत की एक ठोका अडखळतो आहे, एवढे नक्की कळते.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना काही क्षण एकाच रोटरवर थडथडत असेल, पांढरा धूर टाकत असेल आणि रेडिएटरमधले पाणी दर काही दिवसांनी कमी होत असेल, तर प्रश्न नळ्यांचा नाही, कूलंट सीलचा आहे. तुमच्या वर्णनात असे काही नाही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

कॉम्प्रेशन समाधानकारक निघाले असे धरून पुढे जातो.

या इंजिनाचा संगणक आत येणारी हवा थेट मोजत नाही. आधीच्या पिढीच्या, म्हणजे एफसी आरएक्स-७ मध्ये हवा मोजणारे मीटर होते. एफडीमध्ये ते काढून टाकले आणि त्याऐवजी इंटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांमधला) दाब आणि हवेचे तापमान यांवरून हवेचा अंदाज बांधला जातो. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे अनुभवी मेकॅनिकसुद्धा चुकीच्या दिशेने जातात. मीटर असलेल्या गाडीत थ्रॉटलच्या (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे कुठे गळती झाली की न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन मरगळते. एफडीमध्ये तीच गळती मॅनिफोल्डचा दाब वाढवते, संगणकाला तो दाब दिसतो, तो त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो आणि परिणामी इंजिन मरगळण्याऐवजी आरपीएम चढतात. म्हणून या गाडीत चढे आयडलिंग हे गळतीचे पहिले लक्षण समजावे.

आता तुमचे ९०० ते १५०० चे हेलकावे कुठून येतात ते सांगतो. पायाने अॅक्सिलरेटर सोडलेला आहे, थ्रॉटल बंद आहे आणि तरीही आरपीएम एका मर्यादेच्या वर आहेत, असे दिसले की गाडी उतारावर किंवा गिअरमध्ये घरंगळते आहे असा अर्थ लावून संगणक पेट्रोल तोडतो. आरपीएम खाली येतात, पेट्रोल पुन्हा सुरू होते, गळतीतून येणाऱ्या जादा हवेमुळे आरपीएम पुन्हा चढतात, पेट्रोल पुन्हा तुटते. इंजिन थंड असताना ही मर्यादा वर असते आणि त्या वेळी जादा हवा हवीच असते, म्हणून सकाळी गाडी शहाण्यासारखी वागते. यात संगणकाचा काहीच दोष नाही; त्याला मिळणारी हवा त्याच्या हिशेबापेक्षा जास्त आहे, एवढेच. अशा स्थितीत आयडलचा स्क्रू फिरवला तर दुखणे झाकले जाते किंवा आणखी गुंतते. तुमच्या मेकॅनिकने तो किती फिरवला आहे हे आता कोणी सांगू शकणार नाही, पण तो मूळ जागी आणण्याची वेळ शेवटी येईल, आत्ता नाही.

मी ‘बूस्टमध्ये चालवू नका’ असे का म्हणालो, त्याचे कारण एका नळीत आहे. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे, म्हणजे मॅप सेन्सरकडे, मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी जाते. तिला टोकाशी केसाएवढी चीर पडली, किंवा ती सैल बसली, तर आयडलिंगला बाहेरची हवा त्या चिरेतून आत येते, सेन्सरला दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतो. धूर काळपट, वास पेट्रोलचा, आयडलिंग जड. बूस्ट आला की त्याच चिरेतून हवा बाहेर पडू लागते, सेन्सरला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि संगणक पेट्रोल कमी देतो. म्हणजे एकच चीर आयडलिंगला मिश्रण दाट करते आणि बूस्टमध्ये पातळ. इंधनाचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरकडे जाणाऱ्या नळीचेही असेच आहे: ती गळत असेल तर आयडलिंगला इंधनाचा दाब जास्त राहतो आणि बूस्टमध्ये जितका वाढायला हवा तितका वाढत नाही. पिस्टन इंजिन पातळ मिश्रणावर नॉकिंगचा आवाज करून थोडी तरी सूचना देते. रोटरीत तो आवाज कानाला ऐकू येईपर्यंत एपेक्स सीलचा तुकडा पडलेला असू शकतो आणि जाता जाता तो तुकडा टर्बोची पातीही खराब करून जातो. म्हणून या दोन नळ्या सगळ्यांत आधी, हातात घेऊन, दोन्ही टोकांना वाकवून पाहाव्यात. दिसायला चांगल्या असल्या तरी टोकाचा अर्धा इंच कापून पुन्हा बसवाव्यात किंवा सरळ नव्या घालाव्यात.

आता मुख्य गुंत्याकडे येऊ. या गाडीचे दोन टर्बो पाळीपाळीने काम करतात. कमी आरपीएमला सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोला मिळतो, म्हणून तो लवकर फिरतो. दुसऱ्या टर्बोकडे जाणारा एक्झॉस्टचा मार्ग टर्बो कंट्रोल नावाच्या फ्लॅपने बंद असतो आणि दुसऱ्या टर्बोची हवा जिथून बाहेर पडते त्या तोंडाशी असलेला चार्ज कंट्रोल फ्लॅपही बंद असतो, नाहीतर पहिल्या टर्बोने दाबलेली हवा थांबलेल्या दुसऱ्या टर्बोतून मागे निसटून जाईल. वेळ जवळ आली की प्रीकंट्रोलच्या लहान वाटेने थोडा एक्झॉस्ट दुसऱ्या टर्बोकडे सोडून तो आधीच फिरता केला जातो आणि त्याची हवा चार्ज रिलीफ झडपेतून परत इंटेककडे सोडली जाते. साधारण ४५०० आरपीएमला चार्ज रिलीफ बंद होते, टर्बो कंट्रोलचा फ्लॅप उघडतो, चार्ज कंट्रोल उघडतो आणि दोन्ही टर्बो मिळून काम करू लागतात. निरोगी गाडीत काटा १० पीएसआयवरून क्षणभर ८ पर्यंत उतरतो आणि पुन्हा १० वर जातो. गाडीवाले याला १०-८-१० म्हणतात, आणि हे तीन आकडे मालकाने पाठ करून ठेवायला हरकत नाही.

हे सगळे फ्लॅप हलवायला मोटर नाही. हलवतात ते हवेच्या दाबावर किंवा व्हॅक्यूमवर चालणारे अॅक्च्युएटर. त्यांना हवा द्यायची की नाही हे सोलेनॉइड ठरवतात. आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांचे जाळे वरच्या इंटेक मॅनिफोल्डखाली, टर्बोच्या धगीत, कोंबलेले असते. पूर्ण अॅक्सिलरेटरवर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो आणि बदलाच्या क्षणी दाबही डगमगतो, म्हणून एक टाकी व्हॅक्यूमची आणि एक दाबाची, अशा दोन टाक्या शिल्लक साठवून ठेवतात. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी हवा एकाच दिशेने जाऊ देणारी एक छोटी प्लॅस्टिकची झडप असते. माझ्या मते या गाडीतल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या वस्तू म्हणजे या दोन झडपा. व्हॅक्यूमच्या टाकीची झडप गळू लागली की बूस्ट येताच साठवलेला व्हॅक्यूम नाहीसा होतो, व्हॅक्यूमने बंद धरलेला चार्ज कंट्रोल फ्लॅप स्प्रिंगने उघडतो आणि पहिल्या टर्बोचा बूस्टच मुळात १० पर्यंत चढत नाही. दाबाच्या टाकीची झडप गळत असेल किंवा उलटी बसवली असेल, तर पहिला टर्बो छान चालतो आणि गाडी ४५०० ला येऊन अडखळते.

तुमच्या काट्याची चाल इथे उपयोगी पडते. पहिला टर्बो पूर्ण १० देतो, याचा अर्थ व्हॅक्यूमची टाकी, चार्ज कंट्रोलचे बंद राहणे, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) आणि प्रीकंट्रोल यांच्यात मोठा दोष नाही. दुसरा टर्बो अजिबात सामील झाला नसता आणि चार्ज कंट्रोलही बंदच राहिला असता, तर बूस्ट एकदम पडला नसता. एकट्या पहिल्या टर्बोला हवा पुरेनाशी झाल्यामुळे तो हळूहळू ओसरत गेला असता, आणि दुसरा टर्बो बंद दारावर धडकत असता तर फडफडल्यासारखा आवाजही आला असता. तुमचा काटा ४५०० ला एकदम पडतो. म्हणजे चार्ज कंट्रोलचे दार उघडते आहे, पण पलीकडे दुसरा टर्बो फिरत नाही, आणि पहिल्याने दाबलेली हवा त्याच्यातून मागे जाते आहे. किंवा तो फिरतो आहे, पण चार्ज रिलीफ उघडी राहून त्याची हवा बाहेर टाकते आहे. यांपैकी पहिल्या शक्यतेवर माझा भर आहे: टर्बो कंट्रोलच्या अॅक्च्युएटरला, उघडण्यासाठी लागणारा दाब मिळत नसावा. दुसरा टर्बो खरोखरच जाम झाला असता तरी काटा असाच वागला असता, हे मान्य. पण हवेची नळी काढून टर्बोची पाती बोटाने फिरवून पाहायला काही मिनिटे लागतात. पाती मोकळी फिरत असेल आणि शाफ्टला हाताला जाणवेल एवढी खडखड नसेल, तर टर्बो निर्दोष समजून पुढे जावे.

पुढची चाचणी हाताच्या पंपाने करायची. व्हॅक्यूम आणि दाब दोन्ही देणारा, गेज लावलेला लहान पंप घ्यावा. टर्बो कंट्रोलच्या अॅक्च्युएटरला दोन नळ्या येतात, एक व्हॅक्यूमची आणि एक दाबाची. दोन्ही काढून, दाबाच्या बाजूला पंपाने सावकाश ७ ते १० पीएसआय द्यावेत आणि दांडा हलतो का ते पाहावे. दांडा सरकला आणि काटा तिथेच थांबून राहिला, तर अॅक्च्युएटरचा पडदा शाबूत आहे आणि फ्लॅपही अडकलेला नाही. दोष त्याच्या मागे, सोलेनॉइड, नळी किंवा टाकीत आहे. दांडा हललाच नाही आणि काटाही टिकून राहिला, तर फ्लॅपचा शाफ्ट कार्बनने जाम झाला असावा. दांडा हलला नाही आणि काटा घसरत गेला, तर पडदा फाटला आहे. चार्ज कंट्रोलच्या अॅक्च्युएटरलाही असाच व्हॅक्यूम देऊन तपासावे. टर्बो पूर्ण थंड असतानाच हात घालावा, हे वेगळे सांगायला नको.

दाब देऊन दांडा हलला, तर मॅनिफोल्ड काढण्यापूर्वी मी आणखी एक गोष्ट करतो आणि ती प्रत्येकाने करावी असे मला वाटते. टाकीकडे जाणाऱ्या नळीत टी-जोड घालून एक लांब नळी केबिनमध्ये आणायची आणि तिला साधा बूस्ट गेज लावायचा. आधी दाबाच्या टाकीला, मग व्हॅक्यूमच्या. डायनोवर (गाडी जागेवर ठेवून चालवून पाहण्याच्या यंत्रावर) गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण अॅक्सिलरेटरवर, सव्वाचार हजारांपर्यंत न्यायची आणि पाय काढायचा. मॅनिफोल्डमधला बूस्ट लगेच जातो, पण दाबाच्या टाकीचा काटा वरच राहायला हवा; व्हॅक्यूमच्या टाकीचा काटा बूस्ट असतानाही व्हॅक्यूमवरच टिकला पाहिजे. काटा मॅनिफोल्डबरोबरच हलला, तर टाकीची एकदिशा झडप गळते आहे किंवा उलटी आहे, हे मॅनिफोल्ड न उघडताच सिद्ध होते. झडप हातात आल्यावर तोंडाने फुंकूनही तपासता येते: एका बाजूने हवा सहज गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. ‘थोडीशी जाते’ म्हणजे ती टाकून द्यायची. हे काम रस्त्यावर करू नये. आधीच्या दोन नळ्या तपासून झालेल्या असाव्यात आणि हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारे वाइडबँड मीटर लावलेले असावे. बूस्टमध्ये हवा-इंधनाचे प्रमाण ११ च्या आसपास असायला हवे आणि ते १२ च्या पलीकडे जाऊ लागले तर त्याच क्षणी थांबावे.

एवढे करूनही मॅनिफोल्ड काढावा लागण्याची शक्यता मी नाकारत नाही, कारण आधीच्या मालकाने केलेले काम नेमके तिथेच आहे. तो काढल्यावर तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. पहिली, सोलेनॉइडचे कनेक्टर. त्यातले बरेच दिसायला सारखे असतात आणि शेजारच्याला बसतात. दोन कनेक्टरांची अदलाबदल झाली तर प्रत्येक सोलेनॉइड मीटरवर ठीक दिसतो, १२ व्होल्ट दिले की ‘टक’ आवाजही करतो, आणि गाडी मात्र चुकीच्या वेळी चुकीचे दार उघडते. वायरींचे रंग सर्व्हिस मॅन्युअलच्या आकृतीशी एकेक करून जुळवावेत. इतक्या वर्षांच्या उष्णतेने या कनेक्टरांचे प्लॅस्टिक बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते, म्हणून क्लिप न ओढता बारीक स्क्रूड्रायव्हरने उचलावी. दुसरी, नळ्यांची बसवणूक. सिलिकॉनची नळी उष्णता सोसते, पण ती मूळ रबरी नळीपेक्षा मऊ असते. मोठ्या मापाची घेतली तर तोटीवर सैल बसते आणि आखूड वळणावर घडी पडून बंद होते. बंद झालेली नळी गळत नाही, त्यामुळे पुढे सांगितलेल्या धुराच्या चाचणीत ती सापडत नाही. तिसरी, वेस्टगेट आणि प्रीकंट्रोलच्या नळ्यांमध्ये असलेल्या पितळेच्या बारीक छिद्राच्या गोळ्या. जुन्या नळ्या कचऱ्यात टाकताना या गोळ्याही त्यांच्यासोबत जातात. तुमचा पहिला बूस्ट बरोबर १० आहे, त्यावरून त्या जागेवर असाव्यात असे दिसते. त्या नसत्या तर अॅक्च्युएटरला पूर्ण दाब मिळून बूस्ट ठरल्यापेक्षा कमी राहिला असता.

मॅनिफोल्ड निघालेला असतानाच आयडलिंगचा विचार करावा, कारण गळतीच्या बहुतेक जागा याच भागात आहेत. मॅनिफोल्डचे गॅस्केट पुन्हा वापरलेले असेल तर ते बदलावे. इंजेक्टरांची खालची रबरी सील्स या वयात दगडासारखी कडक झालेली असतात आणि त्यांच्या कडेने हवा आत शिरते. इंजेक्टर बाहेर काढले नसले तरी ती नवी घालावीत, पुन्हा मॅनिफोल्ड काढण्याची हौस कोणालाच नसते. ब्रेक बूस्टरची नळी, एअर कंट्रोल व्हॉल्वचे गॅस्केट, पेट्रोलच्या वाफांची पर्ज झडप आणि उघड्या राहिलेल्या तोट्या हे नंतरचे संशयित. एक गोष्ट याच हाताखाली पाहून घ्यावी, जरी तिचा तुमच्या तक्रारीशी संबंध नसला तरी: इंधनाच्या रेलवरचा, दाबातले धक्के शोषणारा पल्सेशन डँपर. तो जुना झाला की गळतो, पेट्रोल गरम इंजिनावर पडते आणि या गाड्यांना आगी लागण्याच्या कारणांत त्याचे नाव वरचे आहे. तिथे ओल किंवा पेट्रोलचा वास असेल तर बाकी सगळे काम थांबवून आधी तो बदलावा.

गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये आहे. दोन लालबुंद टर्बो शेजारी असताना ती मला मान्य नाही. बंद इंजिनात धुराच्या यंत्राने धूर सोडावा आणि कुठून बाहेर येतो ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. त्यानंतर इंटेकचे तोंड झाकणाने बंद करून ८ ते १० पीएसआय हवा भरावी आणि इंटरकूलरचे सगळे जोड, त्याच्या प्लॅस्टिकच्या टोकांच्या कडा, दोन्ही टर्बोंना जोडणारा वाय आकाराचा पाइप आणि ब्लो-ऑफ झडप साबणाच्या पाण्याने भिजवून बुडबुडे पाहावेत. एक्झॉस्टमधून किंवा ऑइल भरण्याच्या तोंडातून येणारी थोडी सळसळ स्वाभाविक आहे. थ्रॉटलच्या अलीकडची गळती मिश्रण बिघडवत नाही, पण टर्बोला तोच बूस्ट राखण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते आणि हवा अधिक तापते. मेलबर्नच्या उन्हाळ्यात याची किंमत मोजावी लागते.

गळत्या बंद झाल्यानंतरच आयडलिंगच्या जुळणीला हात लावावा, आणि तोही इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. थ्रॉटल बॉडीत मेणावर चालणारा एक भाग आहे. कूलंट तापले की मेण फुगते आणि जलद आयडलचा कॅम थ्रॉटलपासून सुटतो. गरम इंजिनावर तो कॅम खरोखर सुटला आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. काही मालक थ्रॉटल बॉडीकडे जाणारी कूलंटची नळी काढून टाकतात, मग मेण तापत नाही आणि थ्रॉटल कायमचा किंचित उघडा राहतो. तुमच्या हेलकाव्यांचे कारण तेही असू शकते. कॅम सुटल्याची खात्री झाल्यावर थ्रॉटल पोझिशन सेन्सर पाहावा. त्याचे दोन आउटपुट असतात: थ्रॉटल बंद असताना लहान टप्प्याचे ०.७५ ते १.२५ व्होल्ट आणि पूर्ण टप्प्याचे ०.१ ते ०.७ व्होल्ट. थंड इंजिनावर ही जुळणी केली तर आकडे मीटरवर बरोबर दिसतात आणि गाडी गरम झाली की चुकीचे ठरतात. सर्वांत शेवटी डायग्नोसिस कनेक्टरमध्ये टीईएन आणि ग्राउंड ही दोन टोके जोडून, म्हणजे संगणकाला आयडलिंगच्या नियंत्रणातून बाजूला करून, तो फिरवलेला स्क्रू ७०० ते ७५० आरपीएमवर आणावा. जोडणी काढल्यावर आयडलिंग तिथेच राहिले पाहिजे. निरोगी, पोर्टिंग न केलेल्या (हवेची तोंडे मोठी न केलेल्या) इंजिनात या वेळी व्हॅक्यूम साधारण ४०० ते ४५० मिलिमीटर पारा एवढा दिसतो.

डाउनपाइपविषयी एक सूचना. मूळ डाउनपाइपमध्ये आणखी एक कॅटॅलिस्ट असतो. तो गेल्यामुळे एक्झॉस्ट मोकळा होतो, आणि सध्या दुसरा टर्बो कामच करत नसल्यामुळे त्याचा परिणाम तुम्हाला दिसलेला नाही. दोष दुरुस्त होऊन दोन्ही टर्बो पहिल्यांदा एकत्र चालतील, तेव्हा मूळ वेस्टगेट तो जादा प्रवाह आवरू शकेलच असे नाही, आणि बूस्ट १० वर न थांबता १२-१३ च्या पुढे चढत जाऊ शकतो. मूळ संगणकाचा पेट्रोलचा हिशेब त्यासाठी केलेला नाही. त्यामुळे दुरुस्तीनंतरची पहिली फेरी डायनोवरच, टाकीत ९८ ऑक्टेनचे पेट्रोल भरून, काट्यावर एक माणूस बसवून करावी, आणि ५००० च्या पुढे काटा ११ ओलांडू लागला तर पाय काढावा. तसे झाल्यास वेस्टगेटचे छिद्र मोठे करून घेणे किंवा मूळ डाउनपाइप परत बसवणे, असे दोन मार्ग आहेत. नुसता बूस्ट कंट्रोलर लावून हे आटोक्यात येत नाही, कारण कंट्रोलर वेस्टगेटला अधिक उघडायला सांगू शकतो, त्याचे छिद्र मोठे करू शकत नाही.

पाती फिरते, अॅक्च्युएटर हलतो, टाक्या दाब आणि व्हॅक्यूम धरून ठेवतात, सोलेनॉइड योग्य कनेक्टरवर आहेत आणि तरीही काटा ४५०० ला ४ वरच पडतो आहे, असे झाले तरच टर्बो गाडीतून उतरवावेत. त्या वेळीही नवे टर्बो मागवण्यापूर्वी टर्बो कंट्रोलच्या फ्लॅपचा शाफ्ट आतून तुटलेला नाही ना आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मधल्या भिंतीला आरपार तडा गेलेला नाही ना, हे गॅरेजकडून फोटोसह लेखी घ्यावे.